चौथी पट्टी

फुलदाणी उचलली आणि मी किंचाळले.

किंचाळणं मला नवीन नाही. मामा मला लहानपणापासून भोंगाच म्हणतात. पण त्या दुपारी कारणही तसंच होतं. मामांच्या फर्निचरच्या दुकानात रस्त्याकडच्या मोठ्या काचेशी आमचं सगळ्यात देखणं पांढरं ड्रेसिंग टेबल मांडलं होतं. पुसायला म्हणून मी त्यावरची फुलदाणी उचलली, तर खाली पांढराशुभ्र गोल! आणि भोवतीचं सगळं टेबल... जुन्या दातांसारखं पिवळं. वर्षभर मी ते रोज फुलदाणीच्या भोवतीनेच पुसत होते. रोज! आणि मला पत्ताच नाही.

"काय झालं? साप?"

दारात एक उंच माणूस धापा टाकत उभा होता. एका हातात डबा, दुसऱ्यात ब्रश. सापाला रंगवूनच हाकलणार होता बहुतेक.

"साप नाही हो... हे बघा ना!"

त्याने वाकून टेबलावरून बोट फिरवलं. "ऊन लागलंय याला. काचेला फिल्म लावा, दुपारी पडदे ओढा. पण खरं दुखणं वरच्या वॉर्निशचं आहे, ते बदला." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आणि इतकं ओरडू नका. मी मागच्या गल्लीतून पळत आलोय."

"मी बोलावलं नव्हतं तुम्हाला."

"मग बोलावताना केवढ्याने ओरडता?"

मला राग यायला हवा होता. हसू आलं.

तो पॉलिशवाला होता. मागच्याच गल्लीत त्याचं एका खोलीचं वर्कशॉप. मामांनी त्याला काम द्यायचं कबूल केलं, पण दुधाने तोंड पोळलेले मामा आता ताकही फुंकून पिणार. त्यांना पुरावा हवा होता. मग त्याने एक पांढरी फळी आणली. तिच्यावर एकाखाली एक अशा चार पट्ट्या, चार वेगवेगळ्या वॉर्निशच्या. सगळ्यात खालचं, चौथं, त्याने स्वतः तयार केलेलं.

"प्रत्येक पट्टीचा थोडा भाग काळ्या कागदाने झाकलाय," तो म्हणाला. "दोन महिने उन्हात राहू दे. मग कागद काढला की कुठलं वॉर्निश पिवळं पडलं आणि कुठलं नाही, ते लगेच दिसेल."

आणि फळी त्याने काचेजवळच्या सगळ्यात उंच कपाटावर आडवी ठेवली. स्टुलावर चढूनही मला वरचं दिसेना.

"मुद्दाम वर ठेवताय!"

"हो. तुम्हाला धीर नाही म्हणून."

फळी बिचारी निवांत पडून होती. तो मात्र रोज संध्याकाळी तिची चौकशी करायला यायचा.

"कशी आहे?"

"कोण?"

"फळी हो!"

"बरी आहे. ऊन खाते, गप्प पडते."

"मग तिला जरा तुमची संगत लागू देऊ नका..."

त्याच्या कपड्यांना टर्पेंटाइनचा वास यायचा. आधी मला त्या वासाने शिंका यायच्या. नंतर नंतर सहा वाजले, की मी उगाच दारातली काच पुसायला लागले. स्वच्छ काच पुन्हा पुन्हा पुसणारी मुलगी मामांनाही कळत होती, पण ते गालातल्या गालात हसून वहीत डोकं घालायचे.

आणि एका सोमवारी तो म्हणाला, "मला दुसऱ्या शहरातल्या कारखान्यात बोलावलंय. उद्या दुपारी कळवायचंय."

माझ्या हातातलं फडकं गळून पडलं. किंचाळायची वेळ आली आणि आयुष्यात पहिल्यांदा आवाजच फुटला नाही.

"दोन महिने झालेत," तो खाली बघत म्हणाला. "उद्या सकाळी फळी उतरवून घ्या. बघा... आणि मग सांगा, जाऊ की राहू."

फळीचा आणि जाण्याचा काय संबंध? रात्रभर मी या कुशीवरून त्या कुशीवर. सकाळी दुकानात पोचले, तर फळी माझ्या टेबलावर हजर!

"मीच उतरवली," मामा खुशीत म्हणाले. "वर काळे कपटे चिकटले होते, सगळे काढून टाकले. बघ कशी लख्ख केली!" चष्मा नेहमीप्रमाणे कपाळावर.

मी वाकून बघितलं. पिवळ्या पडलेल्या फळीवर पांढरी अक्षरं होती. कागद अक्षरांच्या आकाराचे कापलेले होते! पहिल्या पट्टीवर ठसठशीत 'तुझ्याशिवाय'. दुसरीवर 'मला'. तिसरीवर पुसट, पण वाचता येण्याजोगं, 'करमत'. चौथी पट्टी कोरी.

तुझ्याशिवाय मला करमतं.

शेवटचा अनुस्वार माझ्या रागाने दिला. अजून आम्ही अहो-जाहोवर होतो. पहिल्यांदा 'तू' म्हणतो काय, आणि ते हे सांगायला? दोन महिने उन्हात वाळवून? डोळ्यांत पाणी आलं, ते तसंच ठेवून मी फळी काखेत मारली आणि मागच्या गल्लीत गेले.

तो ब्रश धूत होता. मी फळी त्याच्यासमोर आदळली.

"खुशाल जा! आमच्यावाचून करमतं ना तुम्हाला?"

त्याने फळी उचलली. वाचली. त्याचा चेहरा त्या फळीहून पांढरा पडला.

"नाही कुठे गेलं?"

"काय नाही?"

"अहो, 'नाही'! इथे चौथ्या पट्टीवर 'नाही' होतं. आता ते नाहीये!"

"नाही नाही म्हणजे काय? नीट बोला!"

"तुझ्याशिवाय मला करमत... *नाही*." त्याने कोऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. "माझं वॉर्निश जराही पिवळं पडलं नाही. मग अक्षर उठणार कुठून? पांढऱ्यावर पांढरं!" तो हसत होता की रडत होता, मला कळेना. "मी जिंकलो... आणि मेलोच की!"

मी पट्टीवरून हात फिरवला. गुळगुळीत, पांढरी, कोरी. एवढं चांगलं काम करणाऱ्या माणसाने इतका महत्त्वाचा शब्द नेमका तिथेच लिहावा?

"जाणार आहेस?" मी विचारलं. 'तू' कधी तोंडातून निसटलं, कळलंही नाही.

त्याने मान वर केली. "नाही."

"सापडला की तुझा शब्द."

आणि मग मी अशी किंचाळले, की मामा धावतच गल्लीत आले. फळी बघून त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि मोठ्याने वाचलं, "तुझ्याशिवाय मला करमत..."

"नाही!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

मामांनी आमच्याकडे बघितलं, फळीकडे बघितलं. "अरे देवा," ते म्हणाले, "भोंग्याला जोडी मिळाली."