काचेखालचा संगणक

"हे बघ, ह्याच्यावर मोटारी धावतात," म्हणत डॅडीने खोकं टेबलावर ठेवलं आणि ग्वेंडाचं तोंड पडलं. तिला शाळेतल्यासारखा संगणक हवा होता. मैत्रिणींच्या खेळांच्या कॅसेट त्यावर चालल्या असत्या. पण खाणीवरून येताना डॅडी प्रॉसरच्या दुकानात थांबला होता आणि तिथल्या टीव्हीवर रंगीत शर्यत बघून हाच घेऊन आला होता. घरच्या टीव्हीला जोडल्यावर, खेळ संगणकात चढताना कॅसेट बराच वेळ किंचाळली. पडद्यावर उमटले फक्त काळेपांढरे ठिपके. ग्वेंडा पाय आपटत वर निघून गेली. उद्या बघू गं, असं डॅडी म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी खाणीत दरड कोसळली. डॅडी परत आला नाही.

ईस्टरच्या सुट्टीत मॅम, ग्वेंडाची आई, ते खोकं बदलून मागायला गेली. प्रॉसरने भरल्या दुकानात सुनावलं, की यंत्र उत्तम आहे, तुमच्या नवऱ्यालाच अक्कल नव्हती. दगड फोडणाऱ्याने ह्या भानगडीत पडूच नये. मॅम मान खाली घालून परतली. ग्वेंडाचं डोकं भणभणलं.

तिने मामेभावंडांना, कॅरिस आणि डिलविनला, गाठलं. दुकानात मांडलेल्या संगणकावर आपलं नाव पडदाभर उमटवून पळायचं, हा गावातल्या पोरांचा नेहमीचा उद्योग. प्रॉसरकडे मात्र ते जमत नाही, डिलविन कुरकुरला. त्याने कळांवर काच ठेवलीय. ग्वेंडा थबकली. काच कशाला? आणि तिथे कॅसेट किंचाळताना कुणी ऐकली होती?

शनिवारी दुकानात गर्दी होती. डिलविनने प्रॉसरला प्रश्नांनी भंडावलं.

"हा चहा करतो का?"

"कान उपटीन हां, कार्ट्या."

तेवढ्यात कॅरिसने टेबलाखाली शिरून संगणकाची वायर भिंतीतून उपटली. संगणकावरचा दिवा विझला. मोटारी धावतच राहिल्या.

"मिस्टर प्रॉसर," ग्वेंडाने मोठ्याने विचारलं, "बंद संगणकावर शर्यत कशी चालते?"

गिऱ्हाइकं वळली. कॅरिसने टीव्हीखालचं कापड ओढलं. आत व्हिडिओची टेप फिरत होती. टेपवरच्या चिठ्ठीनुसार शर्यत दुसऱ्याच, महागड्या यंत्रावरची होती.

जाहिरातीत असं चालतंच, प्रॉसर पुटपुटला.

"माझ्या डॅडीला अक्कल होती. त्याला तुम्ही फसवलंत. हे मॅमला जाऊन सांगा."

डॅडीचा खाणीतला जोडीदार एमरिसकाका गर्दीत होता. तो दारात आडवा उभा राहिला. मग प्रॉसरला शाळेतल्यासारखा संगणक काखोटीला मारून, साऱ्या गावादेखत मॅमच्या दाराशी जावं लागलं. तिथे त्याने माफी मागितली. काकाने तिघांच्याही पाठी थोपटल्या. बाप असता तर छाती फुगली असती त्याची, असं तो म्हणाला.

सगळे गेल्यावर ग्वेंडाने नवं खोकं उघडलंच नाही. राग अजून तसाच होता. मॅम शेजारी येऊन बसली, तेव्हा ग्वेंडाला गेलेल्या डॅडीशी एकदम बोलता आलं.

"डॅडी, त्या दिवशी मी यंत्रावर रागावले होते रे. तुझ्यावर नाही."