कोवळ्या कोंबड्याची वाट

धुकं सकाळपासून दारात ठाण मांडून बसलं होतं. तेइलिन चुलीजवळच्या कोपऱ्यात बांबूच्या कामट्या सोलत होती. पिल्लांना पंख फुटले होते, टोपलीत ती मावेनात, आणि बाहेर रानमांजर टपलेलं. म्हणून खुराडं घरातच, आई झोपायची त्या जागी.

"खुराडं बांधतेस की महाल?" मामा आत येत म्हणाला. "दांडी खाली घे जरा. एवढ्या उंचावरून पडली तर पाय मोडतील लेकरांचे."

तिने दांडी वीतभर खाली बांधली. मामाने तळाला भाताचा तूस पसरून हाताने सपाट केला. चेष्टा नेहमीचीच, पण आज त्याचाही जीव त्या चेष्टेत नव्हता.

खासी घरात माणूस गेलं की कोंबड्याचा बळी द्यावा लागतो. तो पायांनी उकरत पुढे वाट काढतो आणि मागून जीव देवाच्या दारी सुपारी खायला पोचतो. आईने स्वतःसाठी राखलेला पांढरा कोंबडा रानमांजराने नेला. त्यात दरड कोसळून बाजाराचा रस्ता बंद. आई गेली तेव्हा तेइलिनने हाताशी होता तो कोवळा कोंबडा दिला, धड आरवताही न येणारा. ती धाकटी लेक, म्हणजे घर तिचं आणि आईचे विधीही तिचेच. आता या पिल्लांतला एक मोठा करायचा आणि त्याला कंठ फुटला की पुन्हा विधी करायचा. तोवर आई कुठे ताटकळत असेल, या विचाराने तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

खुर्र... खुर्र...

"मामा... पिल्लं टोपलीतच आहेत ना?"

मामाने झाकण उचललं. सगळी पिल्लं माना आत ओढून एकमेकांना चिकटली होती.

रिकाम्या खुराड्यात तूस उडत होता. मग एक बांग उठली, फुटकी, अर्ध्यातच अडकलेली. चुलीच्या धुरात ओल्या पिसांचा वास मिसळला.

"वाट सापडत नाही त्याला," मामा पुटपुटला.

"आणि आई?"

"त्याच्याच मागे असणार... दुसरं कोण आहे तिला?"

तेइलिनला भीती वाटली आणि तेवढीच मायाही दाटून आली. तिने पानाला चुना लावला, ओली सुपारी ठेवली आणि विडा उंबऱ्यावर ठेवला.

"आई, थोडी कळ काढ गं. चांगला मोठा कोंबडा देते तुला."

आवाज थांबला. दिवस कलला तशी तिने पिल्लं खुराड्यात सोडली आणि शेजारीच अंथरूण घातलं. कित्येक दिवसांनी तिला गाढ झोप लागली. स्वप्नात ती धुक्यातून चालत होती, पुढे कुणीतरी उकरत होतं आणि मागून आईची चाहूल येत होती.

उजाडलं तेव्हा धुकं निवळलं होतं. पिल्लं दांडीवर ओळीने बसली होती, मधे एकाची जागा सोडून. जमिनीवर उकरल्याची लांब रेघ दिसत होती. ती तेइलिनच्या उशापासून निघून उंबरा ओलांडून बाहेर गेली होती. तिला हायसं वाटलं. मिळाली म्हणायची वाट.

मामा दारात आला आणि तिथेच थबकला. उंबऱ्यावर विडा नव्हता.

"सकाळी सकाळी सुपारी गं?" त्याने तिच्या तोंडाकडे बघत विचारलं.

"मी कुठे खाल्ली? ती तर देवाच्या दारी पोचलेल्या जीवाची."

तिने ओठांवरून बोट फिरवलं. बोट लाल झालं.