फोन बंद पडल्यावर

गिरिजाचं कुणीच खरं मानलं नाही. कारखान्याच्या मॅनेजर ढिल्लोंसाहेबांनी नाही, गेटवरच्या चौकीदाराने नाही, घरी नवऱ्यानेही नाही. आणि ज्याला खरं काय ते ठाऊक होतं, तो शिशिर खाली मान घालून बसला.

गोष्ट लोहडीच्या सकाळची, संक्रांतीच्या आदल्या दिवशीच्या पंजाबी सणाची. पंजाबातल्या डेराबस्सीच्या त्या औषध कारखान्याला सुट्टी. पण झाडूला कसली सुट्टी? अकरा वाजले तरी धुक्यात गेट दिसत नव्हतं. गिरिजा ऑफिसची फरशी पुसत होती, तेवढ्यात शिशिरचा फोन आला. पुण्याचा पोरगा, सर्व्हर सांभाळायचा. अख्ख्या कारखान्यात मराठी बोलणारी ही दोघंच. दर बुधवारी ती त्याच्यासाठी भाकरी आणायची.

"मावशी, घोळ झालाय. इथे झिरकपूरला, घरबसल्या सर्व्हर अपग्रेड केला आणि मीच बाहेर अडकलो. आता इथून आत शिरताच येईना."

"घरबसल्या? साहेबांनी तर यंत्रापाशी बसून करायला सांगितलं होतं ना रे?"

"धुकं बघताय ना! कुणाला बोलू नका, नोकरी जाईल माझी. मी सांगतो ती अक्षरं तेवढी दाबा."

हे त्यांचं नेहमीचंच. गिरिजा चौथी शिकलेली, पण इंग्रजी अक्षरं ओळखायची. तो सांगायचा, ती एका बोटाने दाबायची. सर्व्हरच्या खोलीची किल्लीही तिच्याच कमरेला.

आत शिरली तशी थंडी हाडांत घुसली. यंत्रांतल्या पंख्यांची घरघर. आणि एक वास... जळलेल्या केसांसारखा. तिने नाकाला पदर लावला, फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवला.

"एस... यू... आता एंटर."

तिने दाबलं.

"पुढे आर... थांबा, आवाज तुटतोय..."

मग काहीच नाही. नुसती घरघर.

"डी," आवाज आला.

तिने दाबलं.

"ई... एल..."

ती दाबत गेली. आवाज आता हळू झाला होता, कानाशी पुटपुटल्यासारखा. "घाई नको, गिरिजा. एंटर."

बोट जागीच थबकलं. शिशिरने तिला कधी नावाने हाक मारली नव्हती.

तिने फोन उचलला. पडदा काळा. चार्जिंग संपून फोन केव्हाचाच मेला होता.

"दाब ना..." मानेमागून कुणीतरी म्हणालं.

भीतीने म्हणा, सवयीने म्हणा, बोट खाली गेलं. एका दमात सगळे पंखे थांबले. त्या शांततेत तिच्या श्वासाबरोबर आणखी एक श्वास चालू होता.

दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत सगळे उभे राहिले. पंखे पुन्हा घरघरत होते, पण बाहेरून आत शिरायची वाट सगळ्यांनाच बंद झाली होती.

"सर, मैंने तो लोहडी की बधाई देने के लिए फोन किया था," शिशिर म्हणाला. "आंटी सफाई करने गई होंगी, कुछ दब गया होगा."

आंटी! मावशीची आंटी झाली एका रात्रीत.

"अरे मेल्या," गिरिजा कडाडली, "माझ्या हातची भाकरी खाऊन माझ्यावरच ढकलतोस? सांग ना घरून केलंस म्हणून!"

साहेबांना मराठी कळेना. शिशिरला शब्द न् शब्द कळत होता.

दिल्लीहून आलेल्या तज्ज्ञाने यादी काढली. आत कोण शिरलं, काय केलं, ते यंत्र स्वतःच लिहून ठेवतं म्हणे. गिरिजाच्या जिवात जीव आला. आता फुटेल याचं बिंग!

यादी पाहून शिशिर पांढराफटक पडला. त्याचं नाव कुठेच नव्हतं.

"पण... अपग्रेड तर मीच..." तो मराठीत पुटपुटला आणि मागे सरकला.

पहिल्या ओळीपासून एकच नाव होतं. साहेबांनी ते वाचलं आणि हात पुढे केला. "बाई, गेटपास."

"साहेब, मेरा तो इसमें खाता भी नहीं है!"

"गेटपास."

तिने गळ्यातला गेटपास काढून टेबलावर आपटला. दाराकडे वळणार, तोच तज्ज्ञाने खुर्ची मागे सरकवली. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. कीबोर्डाला कुणी शिवलं नव्हतं. तरी पडद्यावर नवी ओळ उमटत होती... तिच्याखाली दुसरी... तिसरी... वेळ आत्ताची, आणि प्रत्येक ओळीपुढे तेच नाव.

गिरिजा.