रिकाम्या जागेची हमी

"ही जागा रिकामी असू शकते."

पडद्यावरची ही ओळ रुचिरा झाडेने दीड वर्षापूर्वी, एका दुपारी पावणेपाचला वाचली होती. मांडीवर सहा महिन्यांची मिहिका होती आणि तिला ताप होता. वाचली, आणि बाजूला सारली.

तशी ती निष्काळजी नव्हती. दूध उतू जाण्याआधी गॅस बंद करणाऱ्यांपैकी ती. पण ती ओळ अडून बसली होती, आणि ती हटल्याशिवाय बांधणी पुढे जात नव्हती.

बांधणी म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणं. पूर्वी प्रोग्रॅम बांधून व्हायचा, चालू व्हायचा, आणि मग एखाद्या दिवशी विदागाराला, म्हणजे साठवलेल्या माहितीच्या कोठाराला, चुकीचा प्रश्न विचारून आडवा पडायचा. पूर्वतपास आली आणि हे थांबलं. प्रोग्रॅममधला एकेक प्रश्न ती बांधणीच्या वेळीच खऱ्या विदागारापुढे धरून बघायची. रकाना अस्तित्वात आहे का, तिथे तारीख आहे की आकडा, जागा रिकामी असू शकते का. काही जुळलं नाही तर बांधणीच नाही. माणसांच्या जिवाशी संबंध असलेला कुठलाही प्रोग्रॅम पूर्वतपासीशिवाय चालवायचा नाही, असा नियमच झाला होता.

रुचिराचा प्रोग्रॅम तसाच होता. वर्धा नदीकाठच्या त्या शहरात उन्हाळ्याच्या दुपारी पारा सत्तेचाळीसच्या खाली यायचा नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या मनगटावर 'पाठराखण' या देखरेख-सेवेचा पट्टा असायचा. अंगातला ताप, नाडी, हालचाल, दर दहा मिनिटांनी सगळं विदागारात जायचं. प्रोग्रॅम प्रभागाप्रभागाने विचारायचा, कोणाची शेवटची खूण किती वाजताची आहे आणि ती कशी आहे? काही बिघडलेलं दिसलं तर गाडी निघायची आणि नातेवाइकांच्या फोनवरचा हिरवा ठिपका लाल व्हायचा.

अडलेली जागा त्या शेवटच्या खुणेची होती. पण पट्टा केंद्रातच मनगटावर बांधत, पहिली खूण आली की मगच नोंद करत. मग रिकामी राहील कशी? अशा वेळेसाठी पूर्वतपासीत एक सोय होती. लिहिणाऱ्याने रकान्यापुढे 'हमी' लावायची. म्हणजे, मी सांगते, ही जागा रिकामी नसते. मग पूर्वतपास त्या जागेबद्दल विचारत नाही.

तिचं काम तपासणाऱ्या निमगडे मॅडमनी तेव्हा फोन केला होता.

"रुचिरा, आज नाही रिकामी. उद्याचं काय?"

"मॅडम, पट्टा बांधल्याशिवाय नोंदच होत नाही. आणि मिहिकाला घेऊन दवाखान्यात जायचंय हो."

मॅडमनाही दोन मुलं होती. "जा तू," त्या म्हणाल्या, "नंतर बघू."

नंतर कोणी बघितलं नाही.

शहर मात्र हळूहळू बदललं. पुण्या-बंगळुरूतली मुलं रोज सकाळ-संध्याकाळ फोन करायची, ती ठिपका बघू लागली. ठिपका हिरवा, म्हणजे बाबा बरे. मग बोलायला तरी काय उरतं? शेजारणी वाटीभर भाजी घेऊन डोकावायच्या, त्याही कमी झाल्या. कोणाला वाईट म्हणावं असं यात काही नव्हतं. काळजी करायचं काम आपल्यापेक्षा नीट करणारं कोणीतरी आलं होतं, एवढंच.

रुचिराच्या फोनवरही एक ठिपका होता, गोपिका मावशींचा. मिहिका झाली तेव्हा सव्वा महिना रोज येऊन बाळ-बाळंतिणीची मालिश करणारी ही बाई. स्वतःचं कोणी नसलेली, नवव्या प्रभागात एका खोलीत राहणारी. रुचिराची आई बाळंतपणाआधीच गेली होती, त्यामुळे मावशींनी नुसतं तेल लावलं नाही, 'रडून घे वं बाई, दूध आटत नाही त्यानं' असंही सांगितलं. पाठराखणमध्ये त्यांचं नाव रुचिरानेच घातलं होतं.

मे महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी मावशींच्या पट्ट्याचा बंद तुटला. नवा बांधून घ्यायचा तर केंद्रात दोन तास रांग. एवढ्या उन्हात म्हातारीला कुठे उभं करायचं? रुचिराने आपल्या अधिकारात नवा पट्टा काढला, मावशींच्या नावे नोंदवला आणि स्वतः नेऊन दिला. मिहिका कडेवर किरकिर करत होती. दारातूनच डबी हातात दिली, जुना पट्टा घेतला, म्हणाली, "मावशी, लगेच घालून घ्या हं." मावशींनी मान हलवली.

गुरुवारी दुपारी रुचिरा घरून काम करत होती. दारं-खिडक्या बंद, कूलरची घरघर. अचानक तिच्या लक्षात आलं, मिहिकाचा आवाज नाही. मूल रडत असेल तर आई एक वेळ बसून राहील, पण गप्प असेल तर उठतेच. ती स्वयंपाकघरात धावली. रव्याचा डबा उपडा, आणि मिहिका त्यात बसून भुवयांना रवा लावत होती.

हसत हसत तिने लेकीला उचललं. आणि अर्ध्यातच तिचं हसू थांबलं.

नववा प्रभाग. इतर प्रभागांतून रोज पाच-सहा इशारे येत होते. नवव्यातून शेवटचा कधी आला होता?

रव्याच्या हातानेच तिने नोंदी उघडल्या. नवव्याचं काम शेवटचं पूर्ण झालं होतं ते सोमवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी. मावशींचा पट्टा तिने नोंदवला ती वेळ. त्यानंतर तीन दिवस, एकशे सदुसष्ट माणसं, आणि एकही इशारा नाही.

दोन मिनिटांत तिला सगळं दिसलं. हा प्रोग्रॅम एका कामापाशी थांबून राहणारा नव्हता. कुकर लावून आपण पोळ्यांना लागतो, तसा तो प्रत्येक प्रभागाचा प्रश्न सोडून पुढच्या कामाला लागायचा. नवव्या प्रभागाच्या उत्तरात एक जागा रिकामी आली. हमी खोटी ठरली, आणि ते सबंध काम, एकशे सदुसष्ट नावांसकट, तिथेच मेलं. त्याचं काय झालं हे परत येऊन बघणारं कोणी नव्हतं, कारण ते तिने लिहिलंच नव्हतं. कुकर लावला होता आणि शिट्टी ऐकायला घरात कोणी नव्हतं. इशारा नाही म्हणून ठिपका लाल नाही. एकशे सदुसष्ट ठिपके हिरवेगार.

आणि जागा रिकामी होती, म्हणजे मावशींच्या पट्ट्याने तीन दिवसांत एकदाही खूण दिली नव्हती. मावशींचा फोन बंद लागला.

तिने निमगडे मॅडमना फोन केला. चार वाक्यांत सांगितलं. मॅडम म्हणाल्या की मी यादी घेऊन फोन लावायला बसते, गाड्या काढते, तू जवळ आहेस, तू जा. 'मी म्हटलं होतं' असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

मिहिकाला शेजारच्या पोतदुखे काकूंकडे देऊन ती स्कूटीवर निघाली. हँडल हाताला चटके देत होतं. मावशींच्या दाराची कडी तिने इतकी जोरात वाजवली की गल्लीतलं कुत्रं उठून बसलं.

दार उघडलं. डोक्यावर ओला पंचा, हातात चिंचोके काढलेली चिंच. "काहून आली वं भरउन्हात? लेकरू कोठी हाये?"

रुचिरा उंबऱ्यातच बसली. मावशींनी माठातलं पाणी दिलं, वर टोमणाही दिला, की कॉम्प्युटरवाल्या बायांना ऊन काय माहीत. फोन चार्जिंगला लावायचा राहिला होता. आणि पट्टा?

"पेटीत ठेवला नं. नवा हाये. रंजूच्या लग्नात घालीन म्हटलं."

रंजू म्हणजे भाचीची मुलगी. पत्र्याच्या पेटीत, लग्नासाठी घेतलेल्या लुगड्याच्या घडीत, डबीतल्या कागदासकट तो पट्टा होता. नवी वस्तू चांगल्या दिवसासाठी ठेवायची, हे मावशींना लहानपणापासून माहीत होतं. पूर्वतपासीला ते कोणी सांगितलं नव्हतं.

रुचिरा हसली, बहुतेक रडलीही. मावशी जिवंत होत्या. पाच मिनिटं तिला वाटलं, वाचलो.

मग मावशी चिंच बाजूला ठेवून हळूच म्हणाल्या, "समोरच्या गुरनुले मास्तरचं दार परवापासून लागलेलं हाये. म्या हाक माराले जातच होती. मंग म्हटलं, तुमचा ठिपका हाये नं. काही झालं असतं त तुम्ही आल्याच असत्या."

समोरचं दार दोन घरं सोडून राहणाऱ्या माणसांनी येऊन ढकलून उघडलं. आत कूलर फिरत होता. टाकीतलं पाणी केव्हाच संपलं होतं, कोरडा गरम वारा खोलीभर घुमत होता. मास्तर पलंगाशेजारी जमिनीवर पडलेले होते, एक हात तांब्याच्या दिशेने. मनगटावरच्या पट्ट्याचा बारीक दिवा दर दहा मिनिटांनी लुकलुकत होता. पट्टा चोख काम करत होता. मंगळवारी दुपारी अंगातला ताप एकशे दोन, मग एकशे चार, संध्याकाळी एकशे सहा, आणि त्यानंतर नाडीचे शून्यापर्यंत उतरत गेलेले आकडे. विदागारात सगळं होतं. विचारणारं कोणी नव्हतं.

मास्तरांच्या मुलाला तिने तिथूनच फोन लावला. नाव सांगितलं, पुढचंही सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "नाही हो, काहीतरी घोटाळा होतोय तुमचा. माझ्याकडे हिरवं आहे. आत्ताच बघितलं मी."

संध्याकाळपर्यंत नवव्या प्रभागात अशी सहा घरं निघाली.

चौकशी झाली. अहवालात लिहिलं होतं की पूर्वतपासीत दोष नाही, प्रश्न बरोबर होता, हमी माणसाने दिली होती. ते खरंच होतं, आणि रुचिराने ते नाकारलं नाही. तिची नोकरी गेली, त्याचंही तिला फार वाटलं नाही. तिला झोप येऊ देईना तो आकडा निमगडे मॅडमनी सांगितलेला होता. सगळ्या प्रोग्रॅममध्ये मिळून अशा चारशे बारा हम्या होत्या. वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या घाईत दिलेल्या. कोणाचं लग्न असेल, कोणाची बस सुटत असेल, कोणाचं मूल तापलं असेल. सगळ्या काढायच्या तर प्रोग्रॅम तीन महिने बंद ठेवावा लागणार होता, आणि ऐन उन्हाळ्यात ते कोणाला परवडणार? एक हमी काढली. उरलेल्या चारशे अकरा राहिल्या. पाठराखण त्याच आठवड्यात पुन्हा सुरू झाली.

रुचिराला वाटलं होतं, निदान माणसं तरी आता फोन करतील. चार दिवस केलेही. पाचव्या दिवशी पोतदुखे काकूंची सून कौतुकाने सांगत होती, माहेरी एकट्या राहणाऱ्या बाबांचा ठिपका हिरवा आहे, आता काळजी नाही.

आता रोज चार वाजता रुचिरा मिहिकाला घेऊन मावशींकडे जाते. कडी वाजवते आणि आतून आवाज येईपर्यंत श्वास धरून उभी राहते. येताना गल्लीतली आणखी दोन दारं वाजवते. तेवढीच तिला जमतात. शहरात दारं किती आहेत हे तिला पाठ आहे.

म्हणून तिचं तुम्हाला एक विचारणं आहे. तुमच्या समोरचं, वरच्या मजल्यावरचं, गल्लीच्या टोकाचं एखादं दार असेल, जिथे कोणीतरी एकटं राहतं. ते शेवटचं कधी उघडलं होतं, आठवतंय? आठवत नसेल तर फोनकडे बघू नका. हे वाचून झालं आहेच. उठून एकदा त्या दाराची कडी वाजवाल का?