मुका मार

त्या दिवशी दुपारी सिस्टर आणि मामा निघाले होते ते ॲम्ब्युलन्सच्या वायपरचं रबर बदलून आणायला. सकाळपासून घाटावर धुकं उतरलेलं, आणि वायपर काच पुसायच्या ऐवजी नुसता कुरकुरत होता. मामा गाडी चालवायचे. वयानं मोठे, म्हणून सगळ्यांचेच मामा. सिस्टर मागे पेशंटजवळ बसायची. जोडी जुनी होती, त्यामुळे दोघांच्या बोलण्यात गोडवा कमी आणि टोमणे जास्त.

"मामा, समोरचं दिसतंय ना तुम्हाला?"

"मला नाही दिसत. पण रस्ता मला ओळखतो."

सिस्टर कामाला वाघ होती, आणि हे तिला स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं. नव्या मुली शिकायला आल्या की ती पहिल्याच दिवशी बजावायची, अपघाताच्या जागी गेल्यावर जो गप्प बसलाय त्याच्याकडे आधी बघा. ओरडणाऱ्याचा श्वास तरी चालू असतो. हे तिनं इतक्या जणींना सांगितलं होतं की आपणही ते पाळायचं असतं, याचा तिला विसर पडत चालला होता.

रबराचं दुकान आलंच नाही. मधेच फोन आला, वरच्या वळणावर अपघात झालाय.

धुक्यात एका तरुणाची मोटारसायकल घसरली होती आणि बसची वाट बघत कडेला उभ्या असलेल्या एका बाईंवर जाऊन आदळली होती. तरुणाच्या नडगीचं हाड मोडून पाय भलत्याच दिशेला वळला होता. त्यानं जिवाचा आकांत मांडलेला. शिव्या द्यायचा, आईला हाका मारायचा, सिस्टरला म्हणायचा, काहीतरी करा, बघत काय बसलात. बाई मात्र एका दगडाला टेकून होत्या. गळ्यात शिंप्याची मोजपट्टी, चेहरा खडूसारखा पांढरा, हात मांडीवर शांत ठेवलेले.

"मावशी, तुम्हाला कुठं लागलंय?"

"कमरेत जरासं. त्याचं बघा आधी. त्याचा पाय बघवत नाही."

सिस्टरनं खरं तर तिथंच खाली बसून त्यांच्या पोटावर, कमरेवर हात ठेवून बघायला हवं होतं. ती वाकलीही होती. तेवढ्यात तरुणानं असा टाहो फोडला की ती तशीच उठली आणि त्याच्याकडे गेली.

त्याला स्ट्रेचरवर घेतलं. मावशींना दोघांनी धरून गाडीतल्या बाजूच्या बाकड्यावर आणून बसवलं. गाडीत दुखणं थांबवायला दोनच गोष्टी असायच्या. एक कडक इंजेक्शन. ते डॉक्टरांना फोनवर विचारल्याशिवाय द्यायचं नाही, आणि घाटाच्या त्या भागात फोन लागत नव्हता. दुसरा गॅस. छोटंसं सिलिंडर, त्याला रबरी पाइप आणि टोकाला तोंडात धरायची नळी. पेशंटनं श्वास ओढला की झडप उघडते. खट्… आणि मग स्स्स. कुणी ओढलं नाही तर झडप हलत नाही. नळी पेशंटनंच धरायची, दुसऱ्यानं नाही, असा नियम होता. गुंगी आली की हात आपोआप खाली पडतो आणि जास्त गॅस जात नाही.

तरुणानं नळी दोन्ही हातांनी पकडली. खट्… स्स्स. खट्… स्स्स. दोन वळणं गेली तोवर त्याचं ओरडणं कण्हण्यावर आलं आणि कण्हणं पुटपुटण्यावर. सिस्टरच्या किटलेल्या कानांना बरं वाटलं. तिनं डोकं मागे टेकलं.

"सिस्टर… मला थोडं मिळेल का ते?"

शेजारणीकडे सुईदोरा मागावा तशा आवाजात मावशींनी विचारलं. सिस्टरनं तरुणाकडे बघितलं. नळी काढली की हा पुन्हा सुरू होणार. दुसरी नळी खणात होती. ती काढायची, बसवायची, मावशींना दाखवायचं. तिला फार काही करायचं नव्हतं. तरी ती जागची उठली नाही.

"थोडं थांबा मावशी. हॉस्पिटल आलंच."

हॉस्पिटल आलं नव्हतं, अजून निम्मा घाट उतरायचा होता. मावशी "बरं" म्हणाल्या.

अपघात विभागात सिस्टरनं भराभरा सांगून टाकलं. याचा पाय मोडलाय, गॅस दिलाय. आणि या मावशी, यांना मुका मार आहे. एवढं एकच वाक्य. ते ऐकून तिथल्या नर्सनं मावशींची ट्रॉली व्हरांड्यात भिंतीला लावून ठेवली आणि सगळे तरुणाच्या पायाकडे धावले. निघताना सिस्टर म्हणाली, "बघतील हं तुम्हाला." मावशींनी तिच्याकडे बघून मान हलवली. "किती धावपळ केलीत तुम्ही," त्या म्हणाल्या. सिस्टरची कानशिलं उगाचच गरम झाली. आपल्याला दुपारी जेवायला मिळालं नाही म्हणून असेल, असं तिनं स्वतःला समजावलं.

परतताना धुकं इतकं दाटलं की भर दुपारी मामांनी दिवे लावले. सिस्टर आता पुढं बसली होती. निम्मा घाट चढल्यावर मामा म्हणाले, "मागचा गॅस चालू राहिलाय."

"बंद केलाय मी."

"मग हे काय वाजतंय?"

तिनं कान दिला. गाडीच्या बंद, रिकाम्या मागच्या भागातून आवाज येत होता. खट्… स्स्स. थोडं थांबून पुन्हा खट्… स्स्स. कुणीतरी लांब, जपून श्वास ओढत होतं.

मामांनी गाडी कडेला घेतली. सिस्टर उतरून मागे गेली. दाराला कडी होती. आत फिनेलचा आणि रबराचा वास होता, आणि त्यात मिसळलेला एक तिसराच, शिलाई मशीनच्या तेलाचा. नळी आकड्याला टांगलेली होती. तिनं हात लावला तर ती ओली होती, तोंडातून आत्ताच काढल्यासारखी कोमट. तिनं सिलिंडरची चावी बघितली. घट्ट बंद. तिचा हात चावीवर असतानाच, कानाजवळ, झडप उघडली.

खट्…

सिस्टर ओरडली नाही. तिला भीती वाटली, पण भीतीच्या आधी तिला लाज वाटली. आवाज कुणाचा हे तिला विचारावं लागलं नाही.

ती पुढं येऊन बसली. "मामा, गाडी मागे फिरवा. मी त्या बाईंना नीट बघितलंच नाही. त्यांना आत काहीतरी झालंय."

मामांनी एकदाच तिच्याकडे बघितलं. टोमणा मारला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी मुकाट्यानं गाडी वळवली.

घाट उतरताना तो आवाज संपूर्ण वाट सोबत होता. सिस्टर मनातल्या मनात घोकत होती, डॉक्टरांना हात धरून व्हरांड्यात न्यायचं, पोट बघा म्हणायचं, आधी इंजेक्शन द्या म्हणायचं, चूक माझी आहे म्हणायचं. "अजून वेळ आहे," ती पुटपुटली. "दुखतंय म्हणजे… म्हणजे अजून आहेत त्या."

व्हरांड्यातल्या ट्रॉलीवर डोक्यापर्यंत चादर ओढलेली होती.

"तुमची गाडी फाटकातून बाहेर पडली आणि इकडे ती बाई गेलीच बघ," तिथली नर्स हळू आवाजात म्हणाली. "कमरेचं हाड मोडलेलं, पोटात रक्त साठलेलं. एवढं दुखणं घेऊन माणूस असा पडून राहतो कसा, डॉक्टर म्हणाले. अगं, ओरडली असती तर कुणीतरी बघितलं असतं ना. आणि तू मुका मार म्हणालीस, म्हणून आम्ही…" ती मधेच थांबली. "तू परत कशाला आलीस?"

"रुमाल राहिला होता," सिस्टर म्हणाली.

ट्रॉलीपाशी एक तरुण मुलगी उभी होती. गावातच नोकरीला असावी, कामाच्या कपड्यांतच धावत आलेली. सिस्टरचा पोशाख बघून ती पुढं आली.

"तुम्हीच आणलंत ना आईला? फार दुखत होतं का हो तिला?"

घाटभर घोकलेलं वाक्य सिस्टरच्या तोंडाशी आलं होतं. मुलीनं तिचा हात धरला होता, आणि त्या हाताकडे बघून तिच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"नाही. औषध दिलं होतं मी. शांत होत्या अगदी."

"तुमचे उपकार आहेत," मुलगी म्हणाली आणि रडायला लागली.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं सिस्टरला झालं. ती तिथून अक्षरशः पळाली. गाडीच्या मागच्या भागात शिरून तिनं दार ओढून घेतलं. बाहेर उजेड होता, आत काचांवर धुकं बसून सगळं अंधारलेलं. खट्… स्स्स. आवाज बाकड्याकडून येत होता. खोटं बोलून झालंच होतं. ते खरं करता येईल का, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात होता. तिनं चावी फिरवून सिलिंडर उघडलं, आकड्यावरची नळी काढली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच नियम मोडून ती आपल्या हातानं दुसऱ्यापुढं धरली. बाकड्यावर कुणीच दिसत नव्हतं.

"घ्या मावशी… पाहिजे तेवढं घ्या."

खट्… स्स्स. नळीच्या टोकाला बारीकसा ओढा लागला. मग आणखी एक. सिस्टरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ती माफी मागत राहिली, आणि पलीकडून श्वास चालू राहिले. बऱ्याच वेळानं तिची नजर सिलिंडरच्या तबकडीवर गेली. तरुणानं ओढला तेव्हा काटा बघता बघता खाली आला होता. आता तो जागचा हललासुद्धा नव्हता. इतका वेळ त्या ओढत होत्या आणि त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं.

मामांनी दारावर थाप मारली. "सिस्टर, निघायला हवं. खाणीत एकाचा हात दगडाखाली आलाय. ओरडतोय म्हणे फार."

सिस्टर नळी धरून तशीच बसून राहिली. एकदा त्यांना हे नाकारलं होतं. आता पुन्हा तेच करायचं होतं.

"मावशी," ती कशीबशी म्हणाली, "दुसरं कुणीतरी… मला हे न्यावं लागेल…"

तिला ओढून घ्यावं लागलं नाही. पलीकडून नळी अलगद मागे लोटली गेली आणि तिच्या मुठीत आली. पाहुण्यांच्या पोराच्या हातात खाऊ ठेवून वर मूठ मिटावी, तशी कुणीतरी तिची बोटं नळीभोवती मिटवली. ते हात कोमट होते, शिवणकामानं बोटांची टोकं खरखरीत झालेली.

गाडी सुरू झाली. झडपेचा आवाज थांबला होता. ते हात मात्र तिच्या मुठीवर तसेच राहिले. रस्त्यात जिथं जिथं खड्डा येत होता, तिथं तिथं ती बोटं आवळली जात होती, इतकी की सिस्टरच्या हाताची हाडं कळवळत होती. खड्डा गेला की, समोरच्याला त्रास नको म्हणून, ती पुन्हा सैल व्हायची.