शिकारीच्या चित्रातली सावली

पहाट फुटत होती. घोणसगडाच्या बुरुजांवर धुकं असं गच्च बसलं होतं, की नगारासुद्धा पाण्याखाली वाजल्यासारखा वाटत होता. आणि सदरेवर, बापाच्या रिकाम्या गादीशेजारी, पंधरा वर्षांची सगुणाबाई पडद्याने झाकलेल्या एका चित्राकडे टक लावून बसली होती.

तीन महिन्यांपूर्वी तिचे आबासाहेब, किल्लेदार हैबतराव, शिकारीत गेले. डुकराने फाडलं, असं काका सुभानरावांनी सांगितलं. आपण तेव्हा नदीपलीकडे होतो, हेही सांगितलं. आज भावाचं, अजून त्यांनीही न पाहिलेलं चित्र उघडून ते गादीवर बसणार होते. चित्र त्यांनीच काढवून घेतलं होतं, विशीतल्या यान फिरंग्याकडून. शिकारीच्या दिवशी तो कागद-कोळसा घेऊन मचाणावर होता ना!

पडदा सरला आणि सदर हबकली. गडाच्या चिताऱ्यांनी जन्मात सावली रंगवली नव्हती. इथे मात्र अर्धं रान काळोखात बुडालेलं, आणि तिरपं ऊन थेट आबासाहेबांच्या चेहऱ्यावर. जिवंत, अगदी जिवंत! ते डुकराकडे बघत होते. आणि त्यांच्या पाठीमागे, झाडाआडून गवतावर, उगारलेल्या भाल्याची लांब सावली पडली होती. भाल्याला दोन पाती.

तसा भाला गडावर एकच होता. आत्ता तो सुभानरावांच्या हातात होता.

सगुणा उठली. "काकासाहेब, आपण नदीपलीकडे होतात ना? मग आपला भाला अलीकडे कसा?"

"फिरंग्याच्या डागांना भुलतेस, पोरी?" सुभानराव हसले, मग यानकडे वळले. "चिताऱ्या, तो डाग पुस. नाहीतर हात कलम करीन."

यान पांढराफटक पडला. "सरकार, माणूस मला दिसला नाही. झाड आड होतं. सावली दिसली, ती काढली." त्याने कुंचला खाली ठेवला. "नाही पुसणार."

भाला उगारला गेला. सगुणा धावत यानच्या पुढे उभी राहिली. आणि त्याच क्षणी धुकं फाटून पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत आलं, आणि तीच सावली, दोन पात्यांची, तिच्या पांढऱ्या शेल्यावर पडली.

चित्रातली आणि शेल्यावरची, दोन्ही सावल्या सदरेने पाहिल्या.

म्हातारे सरनोबत बापूजी तलवार उपसून पुढे आले. "भाला खाली, सुभानराव! पाठीमागून एकदा साधलं, म्हणून समोरूनही साधेल असं वाटलं की काय?"

दुपारी सुभानराव अंधारकोठडीत गेले. यान पुढच्या गलबताने मायदेशी निघून गेला.

सगुणाबाई त्यानंतर चाळीस वर्षं गादीवर बसल्या. पण ज्या पूर्वेच्या खिडकीतून ते ऊन आलं होतं, तिच्याकडे पाठ करून एकदाही नाही.