दहा मिनिटं चाललेलं इंजिन

"माझ्या नवऱ्याला कोणी मारलं, तेवढं शोधून द्या," ती खुर्चीत बसता बसता म्हणाली.

रडून रडून तिचे डोळे कोरडे पडले होते. समोरच्या बाईंनी तीस वर्षं बोटींच्या विम्याची तपासणी केली होती. आता त्या खासगी तपास घेत. शेजारी त्यांचे सोबती मास्तर वही उघडून बसले होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून ते या फंदात पडलेले.

तिचा नवरा मासेमार. पाच दिवसांपूर्वी सकाळी एकटाच होडी घेऊन निघाला. बंदराच्या तोंडाशी इंजिनाचा जोर गेला आणि लाटांनी होडी खडकांवर नेली. तो बुडाला, होडी उथळ पाण्यात अडकून राहिली.

"दुसऱ्या दिवशी तेच इंजिन दोरीच्या पहिल्याच हिसक्याला सुरू झालं! म्हणजे कोणीतरी बिघाड केला आणि गुपचूप काढला. माझा दीरच तो. होडीच्या वाटणीवरून भांडत होता. मी त्याला भावाचं तोंडसुद्धा पाहू दिलं नाही."

बोलता बोलता तिने टेबलावरच्या डिंकाच्या बाटलीचं सैल झाकण पिळून घट्ट बसवलं. ती गेल्यावर मास्तरांना ते काही केल्या उघडेना.

"काय मनगट आहे!" ते पुटपुटले.

धक्क्यावर मेकॅनिक हात पुसत आला. "बाई, आदल्या आठवड्यात मीच इंजिन उघडलं होतं. कार्बोरेटर साफ, प्लग नवे. अपघातानंतर माझी पेट्रोलची टाकी जोडून पाहिली, लगेच चालू!"

"तुमची का?"

"माझी हाताशी होती. त्यांची तेव्हापासून छपराखाली पडलीय, कोणी हातही लावला नाही."

बाईंनी ती टाकी पाहिली. प्लास्टिकच्या दोन्ही बाजू आत ओढल्या गेल्या होत्या. इंजिनाकडे पेट्रोल नेणाऱ्या नळीतला रबरी फुगा चपटा झाला होता.

"खडकावर आपटली असेल," मास्तर म्हणाले.

"मग ओरखडा कुठाय?"

दीर जाळ्यांच्या ढिगावर एकटाच बसला होता. "भांडलो, खोटं कशाला बोलू? पण मी इथूनच बघत होतो. दहा मिनिटं इंजिन झकास चाललं. मग धापा टाकायला लागलं. जरा थांबून उचललं, परत बसलं. दादा कव्हर काढून आत बघत होता. मी दुसरी होडी सोडेपर्यंत..." त्याने खडकांकडे बोट केलं. "आता इथे कोणी माझ्याशी बोलत नाही."

मासेमाराच्या घरी त्याची मुलगी होती, दिवस भरत आलेली. "टाकी नेहमी धक्क्यावरच असायची. पण पेट्रोल चोरीला जायला लागलं, म्हणून आदल्या संध्याकाळी बाबांनी घरात आणून ठेवली. वासाने मला उलट्यांवर उलट्या. मग कधीतरी वास थांबला आणि डोळा लागला."



दुसऱ्या दिवशी बाईंनी मुलीच्या आईला आणि तिच्या दिराला धक्क्यावर बोलावलं. होडी बांधलेलीच ठेवून त्यांनी छपराखालची तीच टाकी इंजिनाला जोडली. इंजिन सुरू झालं. दहा मिनिटांनी धापा टाकून बंद पडलं.

बाईंनी पकडीने टाकीच्या झाकणावरचा छोटा स्क्रू सैल केला. सुस्स करून हवा आत गेली. इंजिन पुन्हा सुरू झालं, ते थांबेचना.

"पेट्रोल खर्च होतं तशी आत हवा यावी लागते," इंजिन बंद करून बाई म्हणाल्या. "हा स्क्रू त्यासाठीच. तो आवळला की टाकी आतल्या आत ओढली जाते, पेट्रोल येत नाही. थोडी हवा झिरपली की इंजिन जरा उचलतं. मेकॅनिकने आपली टाकी जोडली, म्हणून दोष दिसलाच नाही."

"पण यांना कळलं कसं नाही?" तिने विचारलं.

"त्यांचा स्क्रू वर्षानुवर्षं उघडाच असायचा. ते बिघाड इंजिनात शोधत राहिले."

"मग आवळला कोणी?"

बाईंचा आवाज खाली आला. "त्या रात्री टाकी तुमच्या घरात होती, ताई. वास थांबला, तो कोणीतरी थांबवला म्हणून. आणि स्क्रू इतका घट्ट होता, की मला पक्कड लागली."

मास्तरांना डिंकाची बाटली आठवली. त्यांचं पेन थांबलं.

ती आपल्या हातांकडे बघत राहिली.

"पोरीला सोसवत नव्हतं हो. मला वाटलं, झाकण नीट बसलं नाहीये. मी फक्त झाकण आवळलं, वरचा तो स्क्रूही."

"खून कोणीच केला नाही, ताई."

ती मटकन खाली बसली. मग दीर तिच्याजवळ उकिडवा बसला.

"वहिनी, हे इथेच राहू दे. पोरीला कळलं तर ती म्हणेल, माझ्यामुळे झालं. लोक मला बोलतात, बोलू देत."

तिने मान हलवली. "पोरीला मी जवळ घेऊन सांगेन. पण तुमच्यावर हे ठेवून मला घास गिळवायचा नाही, भावजी."

पदर सावरत ती उठली आणि जाळी दुरुस्त करत बसलेल्या माणसांपाशी गेली. सगळ्यांचे हात थांबले.

"ऐका," ती म्हणाली, "माझ्या दिराचा यात काही दोष नाही."

दीर तिच्या पाठीशी जाऊन उभा राहिला.